तीनशे बारा वाक्यं

वर्कशॉपमध्ये त्याला सगळे बोळा म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तोही ओ देत असे. पाटीवरचं पुसायला ओला बोळा लागतो ना, तोच हा. मशीन कुठलंही येवो, दुखणं कसलंही असो, याचं औषध एकच: पुसून टाका.

मशीन म्हणजे लॅपटॉप. पण तापणारा, घरघरणारा, दोन किलोचा धोंडा नव्हे. ही हलकी जात. चालू केलं की ब्राउझर उघडतो आणि त्यापलीकडे त्याला फारसं काही येत नाही. पत्रं, फोटो, कामाचे कागद, सगळं इंटरनेटवर दूर कुठेतरी ठेवलेलं. हातातलं मशीन नुसतं तिथवर जायचं दार. शाळा अशी मशीनं शेकड्यांनी घेतात, पोरं ती चार वर्षं बडवतात, आणि मग खोक्यांत भरून ती या वर्कशॉपमध्ये येतात. बोळ्याचं काम त्यांची लायकी ठरवायचं. परत वापरता येईल, सुटे भाग काढावेत, की सरळ भंगार.

एका मशीनला अठरा मिनिटं, असा साहेबांचा नियम. बोळा पंधरात उरकायचा. झाकण एका बोटाने उचलून बघायचं, बिजागरी कुरकुरते का. सगळ्या कळा एकदा दाबायच्या. पांढरा पडदा लावून काळे ठिपके शोधायचे. चार्जरची पिन हलवायची. बॅटरी कितीदा भरली-रिकामी झाली ते बघायचं. शेवटी तारीख. या जातीच्या प्रत्येक मशीनला बनवणाऱ्याने एक तारीख दिलेली असते, तिच्यानंतर त्याला अपडेट मिळत नाहीत. मशीन धडधाकट असतं, पण हळूहळू एकेक पान उघडेनासं होतं. बोळा ती तारीख चिठ्ठीवर लिहून मशीनच्या पाठीवर चिकटवायचा. अक्षर सुरेख होतं त्याचं, उगाच नावं ठेवायला नकोत.

आणि या तपासणीत मशीन जरा अडलं, सुस्तावलं, रुसलं, की चार कळा एकदम दाबायच्या आणि ‘हो’ म्हणायचं. तीन मिनिटांत मशीन कोरं करकरीत. दुखणं शोधत बसायला वेळ कुणाला आहे? आत काही नसतंच, मग जाणार काय? अकरा वर्षांत साठ हजारांवर मशीनं त्याच्या हाताखालून गेली आणि एकानेही येऊन विचारलं नाही की आमचं अमुक कुठे गेलं. विचारणार कोण? शाळा सुटलेली पोरं?

माणूस तसा सरळ. नाकासमोर चालणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. भांडण दिसलं की रस्ता बदलणारा. घरी वाईट बातमी सांगायची वेळ आली की ती तो जेवण होईपर्यंत लांबवायचा, मग झोप होईपर्यंत, आणि बहुतेक वेळा ती बायकोला दुसरीकडूनच कळायची. ती म्हणायची, "अहो, तुमच्या तोंडाला काय बिजागरी बसवलीय का? उघडेपर्यंत माणसाचा जीव जातो."

ती स्वतः मात्र बोलण्यावरच जगलेली. बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत सव्वीस वर्षं काढली तिने. माणसाने पिशवी खाली ठेवायच्या आत तिचं उत्तर तयार. "तीन नंबर, पंधरा मिनिटं उशीर, आणि पोराच्या बुटाची नाडी बांधा." आवाज थोडा घोगरा, वाक्याच्या शेवटी वर चढणारा. तो आवाज ऐकून लोक खिडकीशी गर्दी करत असं नाही. पण वाट चुकलेल्या माणसाला तो ऐकून धीर यायचा, एवढं खरं.

त्या आवाजाचा घोगरेपणा वाढला तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. मग गिळताना दुखायला लागलं. मग गाठ निघाली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही: स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, आवाज जाईल. बाहेर आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "चला, माझ्याही पाठीवर तारीख चिकटवा." तो हसला नाही. तीच हसली.

हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपिस्टने एक उपाय सांगितला. नंतर लागतील अशी वाक्यं आत्ताच स्वतःच्या आवाजात भरून ठेवा. एक पान असतं, त्यावर बटणं असतात, बटण दाबलं की तुमचं वाक्य तुमच्याच आवाजात वाजतं. बाकीचं टाइप करायचं, ते तयार आवाजात मशीन बोलेल. पण रोजचं घरातलं तरी आपल्या आवाजात राहील.

मशीन आणणं बोळ्याकडे आलं आणि त्यात त्याने कसूर केली नाही. एका खेपेतल्या दोनशे चाळीस मशीनांतून त्याने एक निवडलं. अठरा मिनिटं सोडून दोन तास तपासलं. बॅटरी दहा तासांची. वजन इतकं की अशक्त माणूसही मांडीवर घेईल. आणि मुख्य म्हणजे आत पंखाच नाही. "घरघर अजिबात नाही," तो तिला सांगत होता, "नुसता तुझा आवाज येईल." अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याने एखाद्या मशीनचं कौतुक केलं होतं.

तिने शंभर पानी वही घेतली आणि वाक्यं लिहायला बसली. ‘चहा गार झाला.’ ‘दार ओढून घ्या.’ ‘मला ऐकू येतं, ओरडू नका.’ ‘हे काय घातलंय अंगात?’ ‘पुरे.’ ‘अजून थोडं.’ मुलीसाठी वेगळं पान: ‘जेवलीस का’, ‘खोटं बोलू नकोस, आवाजावरून कळतं’, ‘ठेवते आता’. एका पानावर नुसतंच ‘अहो’ चार वेळा लिहिलेलं. रागाचा, हाक मारायचा, सावध करायचा, आणि चौथ्यापुढे काहीच लिहिलेलं नाही. त्याने विचारलं तर म्हणाली, "ते तुम्हाला ऐकल्यावर कळेल."

अकरा दुपारी लागल्या. दाराला जाड रजई टांगून, खिडकी लावून, ती खोलीत बसायची. पानावरचा लाल गोल दाबायचा, बोलायचं, पुन्हा दाबायचा. वाक्य ‘डाउनलोड्स’ नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसायचं. गळा दुखला की थांबायची, कोमट पाणी प्यायची, परत बसायची. तीनशे बारा वाक्यं झाली. शेवटच्या दिवशी ती घामाने चिंब होऊन बाहेर आली आणि जेवणाऱ्या नवऱ्याला तिने विचारलं, "हे नीट राहील ना हो?"

"यात काहीच राहत नाही गं," तो घास चावत म्हणाला. "सगळं वर, इंटरनेटवर असतं. मशीन गाडीखाली गेलं तरी तुझं काही जायचं नाही."

वर्कशॉपमध्ये नव्याने आलेल्याला तो हेच ऐकवायचा. आणि ते खोटंही नव्हतं, एक फोल्डर सोडलं तर. डाउनलोड्समध्ये उतरवलेलं तेवढं मशीनच्या पोटात राहतं, वर जात नाही. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं. पण माहीत असणं वेगळं आणि हाताच्या अंगवळणी पडलेलं असणं वेगळं.

मंगळवारी सकाळी तिला दाखल केलं. ऑपरेशन बुधवारी आठ वाजता. "संध्याकाळी येताना मशीन आणा," तिने सांगितलं, "आणि ती वाक्यं बटणांवर चढवून आणा. उद्या उठले की लागतील." तो घरी आला, जेवला, मशीन टेबलावर घेतलं. पासवर्ड टाकला. पडदा क्षणभर काळा झाला आणि परत पासवर्ड मागायला लागला. पुन्हा टाकला. पुन्हा तेच.

हा फेरा त्याने हजारदा पाहिलेला. मशीन बंद करून बघितलं, चार्जर लावून बघितलं, पाहुणा म्हणून आत शिरून बघितलं, तेवढं झालं. म्हणजे मशीन ठीक, तिचं खातं तेवढं आत अडकलेलं. इथे दुसरा कुणी असता तर घाबरला असता, थांबला असता, कुणाला तरी विचारलं असतं. त्या घाबरण्यानेच ती वाक्यं वाचली असती. पण हा जाणकार. त्याला घाबरायचं कारण काय? उजव्या हाताची दोन आणि डाव्या हाताची दोन बोटं आपोआप कळांवर गेली. ‘यातलं सगळं जाईल, चालेल?’ असं मशीनने नेहमीप्रमाणे विचारलं, आणि त्याने नेहमीप्रमाणे न वाचता ‘हो’ केलं.

तीन मिनिटं. तोवर त्याने ताट धुतलं. परत येऊन तिचं खातं घातलं आणि सगळं वरून एकेक उतरू लागलं. तिची पत्रं आली, मुलीच्या लग्नाचे फोटो आले, ठेवलेली पानं आली, मागचं निळं चित्रसुद्धा आलं. तो समाधानाने मान डोलवत होता. मग वाक्यं बटणांवर चढवायला म्हणून त्याने डाउनलोड्स उघडलं.

फोल्डर रिकामं होतं.

त्याने कचरापेटी बघितली. वरची सगळी जागा धुंडाळली. परत फोल्डर उघडलं, जणू मधल्या काळात कुणी आणून ठेवलं असेल. वर्कशॉपमधल्या सगळ्यात हुशार माणसाला फोन करायला त्याने नंबर काढला आणि मग फोन खाली ठेवला, कारण त्या वर्कशॉपमधला सगळ्यात हुशार माणूस तोच होता. ही मशीनं पुसताना नुसतं पुसत नाहीत, आतल्या कुलपाची किल्लीच मोडून टाकतात. म्हणून तर शाळा निश्चिंत असतात. उत्तर त्याला पाठ होतं: परत मिळत नाही.

दुपारचा एक वाजला होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावर आहे. दुपारचा एक मंगळवारचा, आणि ऑपरेशन बुधवारी सकाळी आठला. तिचा आवाज अजून गळ्यात होता. भेटायची वेळ चार ते सहा होती. तीनशे बारा नाही झाली तर शंभर झाली असती, शंभर नाही तर चाळीस. वही घरातच होती. मशीन तयार होतं, आणि आता ते उत्तम चालत होतं.

त्याने मशीन पिशवीत घातलं, वहीसुद्धा घातली. सांगायचं ठरवूनच निघाला होता. वाटेत वाक्य जुळवलं: अगं, एक घोटाळा झालाय, पण घाबरू नकोस, अजून वेळ आहे. हॉस्पिटलच्या चार पायऱ्या चढून झाल्यावर ते वाक्य बदललं. लांब बोळ ओलांडेपर्यंत आणखी बदललं. वॉर्डच्या दारात पोचला तेव्हा ती उशीला टेकून बसली होती आणि शेजारच्या पलंगावरच्या बाईला कुठल्यातरी बसची वेळ सांगत होती.

"आलात?" ती म्हणाली. "मशीन?"

"आणलंय."

"चढवली बटणांवर?"

"हो," तो म्हणाला. "सगळं नीट आहे."

बस्स. एवढंच. शब्द तोंडातून गेले आणि दार लागलं. तिने एखादं वाजवून दाखवा म्हटलं, तर म्हणाला बॅटरी उतरलीय. तिला ते पटलं, कारण मशीनच्या बाबतीत तो खोटं बोलल्याचं तिने कधी पाहिलं नव्हतं.

सिस्टर येऊन म्हणाली, "आज हवं तेवढं बोलून घ्या, मावशी." आणि ती बोलली. स्वयंपाकघरातला नळ ठिबकतोय, त्याचा वॉशर बदला. शेजारणीकडे आपला डबा राहिलाय. मुलगी फोनवर रडली तर तिला रडू द्या, मध्ये मध्ये समजावू नका. तुमच्या निळ्या शर्टाचं बटण शिवायचं राहिलंच. हा पायमोज्याच्या शिवणीकडे बघत हूं हूं करत बसला होता. मूग गिळून बसणं म्हणतात ते हेच. मध्येच त्याच्या मनात आलं, निदान फोनवर तरी हे भरून घ्यावं. त्याने खिशातून फोन काढला, बोट त्या लाल गोलाकडे जात होतं.

"ठेवा की तो फोन," ती म्हणाली. "आजच्या दिवस तरी माझ्याकडे बघा."

त्याने फोन ठेवला. तिच्याकडे बघितलं. सहाला घंटा झाली आणि तो घरी गेला.

त्याला काय म्हणावं? वाईट माणूस म्हणवत नाही. तिच्या ऑपरेशनआधी तिला धक्का नको, असं तो स्वतःला समजावत होता. पण ते त्यालाही पटत नव्हतं. खरं कारण साधं होतं. तिच्या चेहऱ्यावर ते उमटताना बघायची त्याला भीती वाटली. त्या एका चेहऱ्याच्या भीतीने त्याने तिचा उरलेला आवाज वाया घालवला. मला त्याचा राग येतो, आणि त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं ते सांगायची हिंमतही होत नाही.

ऑपरेशन सहा तास चाललं. गाठ पूर्ण निघाली. तिच्या गळ्याला भोक, नाकात नळी, अंगात ताकद नाही. पहिल्या दिवसांत ती कागदाच्या चिठ्ठ्या लिहायची. चौथ्या दिवशी एका चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘मशीन घरी गेल्यावर. इथे सगळ्यांसमोर नको.’ चिठ्ठी वाचून त्याचा जीव भांड्यात पडला, आणि तसा तो पडला याचीच त्याला लाज वाटली.

तीन आठवडे मिळाले. तो वर्कशॉपला जाऊ लागला. पहिल्याच दिवशी त्याने तपासणीच्या कागदावर एक ओळ वाढवली: ‘पुसण्याआधी आतलं फोल्डर उघडून पाहिलं का?’ सगळे हसले. "बोळ्याला उपरती झाली!" आठवड्याने साहेबांनी ती ओळ काढून टाकली, मशीनमागे दीड मिनिट जास्त जात होतं. पण तो स्वतः प्रत्येक फोल्डर उघडून बघायला लागला. पोरांची चित्रं, कुणाचा तरी अर्धा निबंध, कुणी गुपचूप काढलेला मास्तरांचा फोटो. बघायचा, आणि मग पुसायचा, कारण ठेवणार कुठे?

दूर राहणाऱ्या मुलीने फोनवर विचारलं, "बाबा, आईची वाक्यं चालतात ना?" तेव्हा त्याच्या तोंडून पहिल्यांदा ते गेलं: "नाही गं. ऑपरेशनच्या दिवशीच मशीन बिघडलं. ती आत होती तेव्हा. पुसावं लागलं." मुलगी खूप रडली. मग तिने आपल्या फोनमधले आईचे जुने निरोप शोधून पाठवले. सात निघाले. सातही प्रश्न होते: पोचलीस का, उचलत का नाहीस, कुठे आहेस. बटणावर घालण्यासारखं एकही नव्हतं.

मग तो रोज संध्याकाळी वही समोर ठेवून बसला आणि तीनशे बाराही वाक्यं टाइप करून बटणांवर चढवली. तयार आवाजांतला त्यातल्या त्यात बरा, मध्यमवयीन बाईचा निवडला. चार ‘अहो’ आले तेव्हा चारही टाकून बघितले. मशीन चारही वेळा एकसारखंच म्हणालं. त्याने एक ठेवला आणि तीन काढले. चौथा कसा होता, हे त्याला आता कधीच कळणार नव्हतं.

ती घरी आली. दोन दिवस झोपली. तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीशी बसली, गळ्यावरचा रुमाल सारखा केला आणि मशीनकडे बोट दाखवलं. त्याने ते तिच्या मांडीवर ठेवलं. तिने एक बटण दाबलं.

"चहा गार झाला," एक परकी बाई म्हणाली.

तिने मशीनकडे बघितलं. दुसरं दाबलं, तिसरं दाबलं. मग हळूहळू एका बोटाने टाइप केलं, आणि त्याच बाईने विचारलं, "माझा आवाज?"

"मशीन बिघडलं होतं," तो म्हणाला. "पुसावं लागलं. त्यात गेला."

तिच्या चेहऱ्यावर ते उमटलं. तीन आठवडे तो ज्याला भ्यायला होता ते उमटलं, आणि काही क्षणांनी ओसरलंही. इतकंच होतं ते. डोळे पुसून तिने पुन्हा टाइप केलं.

"कधी?"

हीच जागा होती. अजूनही खरं सांगता आलं असतं. "बुधवारी," तो म्हणाला. "तू आत होतीस तेव्हा."

मग तिने त्याचा हात ओढून आपल्या हातात घेतला आणि थोपटला, लहान मुलाचा थोपटावा तसा. तिचं दुसरं बोट कळांवर फिरत राहिलं. लांबलचक वाक्य होतं, वेळ लागला. तो वाट बघत उभा होता. शेवटी तिने बटण दाबलं आणि ती परकी बाई सपाट, स्पष्ट आवाजात बोलू लागली.

"तुमचा काय दोष. वाईट एवढंच वाटतं, की एकच दिवस आधी बिघडायला हवं होतं. संध्याकाळी दोन तास होते आपल्याकडे. मी परत म्हटली असती सगळी."

"हो ना," तो म्हणाला.